डिस्प्लेवरचे अडतीस

आमच्या मोशीच्या रो-हाऊसच्या गच्चीवर बिल्डरने गरम पाण्याचा टब बसवून दिला होता. घर घेताना त्याचं फार कौतुक झालं, नंतर तो वापरायला सवड कुणाला होती? मी चाकणच्या कारखान्यात हीट ट्रीटमेंट विभागात, नवरा ताथवड्याच्या कॉलेजात मराठी शिकवणारा. टब खऱ्या अर्थाने वापरात आला तो माझे वडील बीडहून आमच्याकडे राहायला आले तेव्हा.

बाबांनी उभी हयात बस चालवण्यात घालवली. गुडघे गेलेले, त्यात जुनी शुगर. संध्याकाळी टबाच्या काठावर बसायचं आणि पाय पाण्यात सोडायचे, एवढाच त्यांचा कार्यक्रम. डिस्प्लेवर अडतीसचा आकडा आहे ना, हे मी स्वतः बघायचे. अडतीस म्हणजे कोमट. त्याने कुणाला काय होणार?

एका सकाळी मोजे घालायला ते खूप वेळ लावत होते म्हणून मी जवळ गेले. दोन्ही तळव्यांच्या कडेला फोड आले होते. एक फुटलाही होता.

"बाबा, चटका लागला तेव्हा पाय काढले का नाहीत?"

"चटका लागलाच नाही माय. मला बरं वाटत होतं बघ."

शुगरने त्यांचे पाय बधिर झाले होते, हे त्या दिवशी डॉक्टरांनी तपासून सांगितलं. पण अडतीसच्या पाण्याने फोड येत नाहीत, हेही त्यांनी सांगितलं आणि वर बाबांनाच झापलं, "आजोबा, खरं सांगा, बादलीत कढत पाणी घेतलं होतंत ना?" बाबा खाली मान घालून बसले. रिक्षात नवराही हळूच म्हणाला, "घेतलं असेल गं, विसरले असतील." म्हातारा माणूस आणि यंत्र यांच्यात खोटं कोण बोलतंय, हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. मला त्याचा फार राग आला.

तापमान मोजणं हे माझं रोजचं काम. आमच्या भट्टीचा काटा चार अंशांनी चुकला तर आख्खा माल भंगारात जातो. मी साहेबांना विचारून कारखान्यातला थर्मामीटर घरी आणला. आधी तो चुरलेल्या बर्फाच्या पाण्यात धरून बघितला, शून्य दाखवलं. मग टबात सोडला. चव्वेचाळीस. पंप चालू ठेवून चारही कोपऱ्यांत मोजलं, फिल्टर काढून धुतला, पुन्हा मोजलं. पाणी चव्वेचाळीसच्या आसपास आणि डिस्प्लेवर अडतीस.

सर्व्हिसवाल्यांना फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, हाताला अंदाज येत नाही. सर आहेत का घरी? त्यांना द्या."

"सर मराठी शिकवतात," मी म्हटलं. "तापमानाचं माझ्याशी बोला."

तरी दुसऱ्या दिवशी आलेला तंत्रज्ञ नवऱ्याकडेच बघून बोलत होता. डिस्प्ले चालू होतो ना, बटणं दाबली जातात ना, एवढं बघून तो म्हणाला, "सर, सेन्सर एकदम ओके आहे. पाहिजे तर सेटिंगमध्ये सहा डिग्री वाढवून देतो, म्हणजे मॅडमच्या थर्मामीटरशी जुळेल."

"आणि उद्या फरक दहाचा झाला तर?" मी विचारलं. "तुम्ही आकडा बदलताय. तो चुकतोय कशामुळे, ते शोधा. पॅनल उघडा."

"त्याची गरज नसते, मॅडम."

नवऱ्याने तेवढ्यात खोलीतून बाबांना हाताला धरून गच्चीवर आणलं आणि खुर्चीत बसवलं. पट्ट्या बांधलेले दोन पाय त्या माणसासमोर आले. नवरा एवढंच म्हणाला, "ती सांगते तसं करा."

पॅनल उघडलं. सेन्सर पाण्याच्या पाइपातल्या खोबणीत आतपर्यंत जायला हवा होता. तो बाहेरच होता, पाइपाला प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेला. पाण्याऐवजी तो पॅनलमधली हवा आणि पाइपाची पाठ मोजत होता. त्याला पाणी गार वाटायचं आणि हीटर तापवत राहायचा. बसवणाऱ्याला खोबणीपर्यंत हात घालायचा कंटाळा आला होता, दुसरं काही नाही. तंत्रज्ञाने सेन्सर आत सरकवून घट्ट केला. पाणी निवल्यावर मी पुन्हा मोजलं तेव्हा दोन्हीकडे अडतीस आले. तो माणूस बाबांकडे न बघताच जिना उतरला.

हा टब आमच्या ओळीतल्या प्रत्येक गच्चीवर होता आणि बसवणारेही तेच. मी सोसायटीच्या ग्रुपवर सगळं लिहिलं, फोटो टाकले. वाटलं, लोक आधी आपापलं पाणी तपासतील. पहिलं उत्तर सेक्रेटरींचं आलं: असलं ग्रुपवर टाकू नका, घरांचा भाव पडतो. त्याखाली पटापट अंगठे उमटले. ज्यांच्या घरात लहान मुलं होती, त्यांचेही.

मी ते ग्रुपवर सोडून दिलं आणि रविवारी थर्मामीटर घेऊन दारोदार गेले. काहींनी उंबऱ्यातच हसून वाटेला लावलं. पण शेजारच्या घरातल्या सुनेने मला थेट गच्चीवर नेलं. तिचं तान्हं बाळ तिच्या कडेवर होतं. तिच्या टबात डिस्प्लेपेक्षा पाच अंश जास्त निघाले. "कालच याला पाण्यात धरायचं म्हणत होतो आम्ही," ती म्हणाली. मग तिने स्वतःच टबाचा मेन स्विच बंद केला आणि माझ्याबरोबर पुढच्या घरी आली. दोघी गेल्यावर दारं जरा लवकर उघडली, आणि आणखी काही टबांतही तसाच फरक निघाला. बिल्डरकडे आम्ही ओळीतल्या बायका मिळून गेलो, तेव्हा कुठे त्याने माणसं पाठवून प्रत्येक पॅनल उघडायला लावलं. चूक झाली, असं मात्र तो शेवटपर्यंत म्हणाला नाही. 'रूटीन तपासणी' म्हणत राहिला.

बाबांचे पाय भरून यायला खूप दिवस लागले. ड्रेसिंगला पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी सेन्सरचा फोटो त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो नीट बघितला आणि बाबांना म्हणाले, "आजोबा, मी तुमच्यावर उगाच ओरडलो."

"असू द्या साहेब," बाबा म्हणाले.

मला मात्र ते असू द्यावंसं वाटलं नाही, आजही वाटत नाही.