पाच भाकऱ्यांचा हात

कुणाच्याही घरी गेला की तो आधी हात वर करायचा. नमस्काराला म्हणून नव्हे, दारावरची गणेशपट्टी चाचपायला. चार बोटांची टोकं त्या आडव्या लाकडावर टेकवायचा, जरा ओढून बघायचा आणि मगच "हायसा का घरात?" म्हणायचा. लाकूड पसंत पडलं तर तिथंच पाय उचलून लोंबकळायचा. एकदा आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याच्या घरी सांत्वनाला गेला आणि सवयीनं लोंबकळला. रडणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. बाहेर येऊन मलाच म्हणाला, "काय करू पोरी, लाकूड लई झ्याक हुतं."

आम्ही त्याला वस्ताद म्हणायचो. मंगळवार पेठेत आमच्यापासून तिसऱ्या घरात राहायचा, एका वर्कशॉपात लेथ चालवायचा आणि उरलेल्या वेळात कड्यावर चढणारी माणसं तयार करायचा. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची ही गोष्ट. कोल्हापुरात कुस्ती शिकायची म्हटली तर गल्लोगल्ली तालीम. पण कडे चढायला शिकायचं? लोक सरळ विचारायचे, "पायवाट मोडलीय का गडाची?" याला त्याचं एकच उत्तर, "वाटंनं म्हस बी जाती की."

तालमीच्या एका कोपऱ्यात पाच-सहा पोरांना तो मल्लखांब, दोरावर चढणं, चिमटीत दगड धरून फिरणं असलं काही करायला लावायचा. मी त्यांच्यात कशी आले? आईची वाळत घातलेली साडी वाऱ्यानं कौलांवर गेली होती, ती आणायला मी भिंतीच्या दगडांतल्या फटींत बोटं घालून वर गेले. हा रस्त्यातून बघत होता. मी खाली उतरले तर आईसमोर उभा. "मावशी, ही पोर मला द्या. कड्यावर न्हेतो."

"पोरीची जात आणि भिंतीवर पालीगत चढणार व्हय?" आई कडाडली. "लग्न कोण करील हिच्याशी?"

"ज्याच्या घराची कौलं गळत्यात, त्यो करंल की."

आई हसली आणि तिथंच फसली. पण मुलीला तालमीत कोण घेणार? मग वस्तादानं आमच्या घराचीच तालीम केली. बादलीत जोंधळे भरले, त्यात हात खुपसून मूठ उघडायची आणि मिटायची. विटा बोटांच्या टोकांनी उचलून अंगणाला फेऱ्या घालायच्या. घरातल्या सगळ्या ओल्या चादरी मी पिळायच्या. या शेवटच्या व्यायामावर आई फार खूश होती.

आणि गणेशपट्टीला लटकणं. घड्याळ आमच्याकडं नव्हतं. आमचं घर दोन खोल्यांचं, दारात उभं राहिलं की समोर चूल. वस्तादानं ठरवून टाकलं, आईनं तव्यावर भाकरी टाकली की पाय उचलायचे, भाकरी फुगून खाली आली की पाय टेकायचे. पहिल्या दिवशी पाणी फिरवेपर्यंतही मी टिकले नाही. सहा महिन्यांनी मी 'एका भाकरीची' झाले, वर्षानं दीड. तालमीतली पोरंही मग त्याच भाषेत बोलू लागली. अमका दोन भाकऱ्यांचा, तमका अडीच. वस्ताद पाच भाकऱ्यांचा. आई मुद्दाम जाड भाकरी थापायची, तरी पाच.

"डोळ्यावर जाऊ नकोस," तो सांगायचा. "डोळा भ्या दावतो. डोकं तर लबाडच हाय. बोटाला इचार. बोट कवा खोटं बोलत न्हाय." दर रविवारी पोरांबरोबर पन्हाळ्याच्या कड्याखाली उभं राहून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल!

एकदा आईशी बोलता बोलता त्यानं चुलीवरचा तवा हाताच्या कडेनंच बाजूला सरकवला. फडकं नाही, सांडशी नाही. कातडं जळल्याचा वास आला तशी आई किंचाळली. त्यानं हात उलटा करून बघितला, दुसऱ्याचा असल्यासारखा, आणि हसला. "लेथवर काम करून कातडं मेलंय माझं, मावशी." आणि आम्ही काय केलं असेल? टाळ्या वाजवल्या! मी स्वतः वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तालमीत बातमी, वस्तादाचा हात लोखंडाचा. एका शहाण्यानं आपलाही हात तसा करायला कपातला उकळता चहा बोटांवर ओतून घेतला आणि आठवडाभर स्वतःच्या आईच्या हातानं जेवला.

मग एप्रिलमधला एक रविवार. पन्हाळ्याचा काळा दगड असा तापला होता की आम्ही हात लावायचो आणि मागं घ्यायचो. वस्ताद सरसर वर गेला, कड्याच्या माथ्यावर बसला, दोर कमरेमागून घेऊन हातात धरला. नेहमीची पद्धत ती. खालून चढणाऱ्याच्या कमरेला दोराचं एक टोक, दुसरं वस्तादाच्या हातात. पाय सुटला तर त्या हातावर जीव. मी चढायला लागले तर त्यानं धरलेल्या प्रत्येक खाचेत रक्त. ताजं, बोटांच्या ठशांसकट. माथ्यावर पोचले तेव्हा माझ्या हाताला लागलेलं बघून तोच घाबरला.

"कुणाचं रगात ह्ये? लागलं कुठं तुला?"

"मला नाही. तुमचं आहे, वस्ताद."

त्याची करंगळी पेरापर्यंत फाटली होती. त्याला पत्ता नव्हता. आम्ही पुन्हा हसलो. हसलो हो! तुम्ही तिथं असता तर तुम्हीही हसला असता, असं म्हणून मी मनाची समजूत घालते, एवढंच.

मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. पावसाळ्यानंतर आम्हाला कुष्ठरोगाच्या वॉर्डात नेलं. सिस्टरनी एका शेतकऱ्याला डोळे मिटायला सांगितले, कापसाची वात करून हातावर टेकवली. "लागलं तिथं बोट ठेवा." अंगठ्याला टेकवलं, त्यानं दाखवलं. करंगळीला टेकवलं, तो स्वस्थ. सिस्टर आमच्याकडं वळून म्हणाल्या, "चटका बसला तरी यांना कळत नाही. वर कौतुकानं सांगतात, माझा हात दणकट आहे."

माझ्या हातातला ट्रे खाली पडला. त्या रागावल्या, काहीतरी बोलल्या. मला तवा दिसत होता आणि आमच्या टाळ्या ऐकू येत होत्या.

रविवारी सकाळी मी त्याच्या घरी गेले. तो अंगणात जोंधळ्याच्या बादलीत हात घालून बसला होता. म्हटलं, आज मी वस्ताद, डोळे मिटा. नवा व्यायाम असेल म्हणून त्यानं आनंदानं मिटले. अंगठा. "हां." पहिलं बोट. "हां." मधलं. "हां... वाईच." मग पुढची दोन. काहीच नाही. मी कापूस ठेवून टाचणी घेतली. करंगळीला टोचली. आणखी दाबली.

"लाव की," तो डोळे मिटूनच म्हणाला. "कशाची वाट बघतीस?"

टाचणी त्याच्या बोटात रुतलेली होती. मला रडू फुटलं तसे त्यानं डोळे उघडले. बोटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी रोगाचं नाव सांगितलं. गोळ्या आहेत, बरीच वर्षं घ्याव्या लागतात पण आहेत, असं भराभर बोलत सुटले. त्याचं माझ्या बोलण्याकडं लक्षच नव्हतं.

"ह्याच हातात तुमचा दोर हुता," तो म्हणाला. "पोरी, दोर सुटला असता तर मला कळलं तरी असतं का गं?"

स्वतःचं त्यानं काही विचारलं नाही.

मी त्याला दवाखान्यात घेऊन गेले. तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या. मी बजावलं, कुणाला सांगू नका, जखमा सांभाळा, कुणाला कळायचं कारण नाही. पण ऐकेल तर तो वस्ताद कसला! "ज्येंचा दोर धरला त्यास्नी सांगाय पायजे," एवढंच म्हणाला. तालमीत जाऊन प्रत्येक पोराला समोर उभं करून सांगितलं. पोरांनी मान डोलावली. पुढच्या रविवारी एस.टी. स्टँडवर एकही आला नाही. मी गेले होते, एवढं तरी मला सांगता येतं. आम्ही दोघं बाकावर बसून पन्हाळ्याच्या दोन गाड्या सोडल्या आणि परत आलो. पंधरा दिवसांत वर्कशॉपच्या मालकानं त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

आईलाही त्यानं स्वतःच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, "काळजी घ्या हो," म्हणाली. त्या दिवशी तिनं त्याला चहा विचारला नाही. मी तिथंच होते. कपानं, भाकरीनं, चौकटीला हात लावल्यानं हा रोग होत नाही, हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. मी बोलले नाही.

महिन्याभरानं तो आला तो निघायच्या तयारीनं. बायकोच्या माहेरी, कुरुंदवाडला चालला होता. खांद्यावर आमचा दोर होता, नीट वेटोळं घातलेला. दारात येऊन उभा राहिला. सवयीनं हात वर जायला निघाला, खांद्यापर्यंत आला आणि त्यानं तो खाली घेतला. वर बघितलंसुद्धा नाही.

"दोर द्यायला आलतो. तुझ्याकडं ठेव."

मी पुढं झाले. आतून आई म्हणाली, "ठेवा तिथंच कट्ट्यावर."

मी थांबले. त्यानं दोर कट्ट्यावर ठेवला. "चढायच्या आधी सगळा बोटातनं काढून बघ," म्हणाला. "बोटाला इचार. तुझी खोटं बोलत न्हाईत." आणि गेला.

तो दिसेनासा झाल्यावर मी दोर उचलला, आत नेऊन खुंटीला अडकवला. आईनं तव्यावरची नजर न हलवता सांगितलं, "हात धू."

आणि मी धुतले. दारातल्या नळाखाली साबण लावून, कोपरापर्यंत, दोनदा. मान वर केली तर समोर तो. काहीतरी सांगायचं राहिलं म्हणून परत आला असणार. साबणाचा फेस माझ्या हातांवर तसाच होता. काय सांगायचं होतं ते त्यानं सांगितलं नाही. त्यानं फेसाकडं बघितलं आणि माझ्याऐवजी त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

"बराबर हाय," तो घाईघाईनं म्हणाला. "लई माती लागलीया त्या दोराला. हात धुवायलाच पायजेत."

मग तो वळला आणि गेला. पुन्हा मला कधी दिसला नाही. कुरुंदवाडला गाड्या होत्या, मी गेले नाही.

दोराला कणभरही माती नव्हती. खुंटीवरून काढून हातात घेतला तेव्हा कळलं, त्यानं तो धुऊन, उन्हात वाळवून आणला होता.