मंद्रूपच्या रानावर, उजाडायच्या आधी

दादाचा फोन आला तेव्हा मी कुकरचे फोटो काढत होते. या हिवाळ्यानंतर कळप चुलतभावाकडे द्यायचा आणि सांगोल्याकडच्या घरी कायमचं राहायचं, असं आमच्या वडिलांनी, आबांनी ठरवल्याचं तो सांगत होता. आबांचे गुडघे आता चालू देत नव्हते. फोन ठेवला आणि त्याच दिवशी मी सोलापूरला जायचं नक्की केलं.

मी धनगराची मुलगी. शिकले, पुण्यात आले आणि भांडी, साबण, फरसाणाची पाकिटं यांचे फोटो काढून पोट भरते. आमच्या कळपाचे फोटो माझ्याकडे ढिगानं आहेत, पण सगळे जमिनीवरून काढलेले. एक फोटो मात्र कित्येक वर्षं डोक्यात होता. पहाटेचा निळसर उजेड, शेतात जाळीच्या कुंपणात बसवलेली मेंढरं, शेजारी चुलीचा जाळ, आणि हे सगळं वरून. मग ड्रोन का नाही, असं तुम्ही विचाराल. एकदा उडवला होता. त्या घरघरीनं मेंढरं बुजली, जाळी पाडून उधळली आणि दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. लांबून, उंचावरून जाणाऱ्या विमानाची त्यांना सवय असते.

विमान चालवायला शिकवणाऱ्या कॅप्टन नीलिमा ओळखीतून सापडल्या. चार जणांचं छोटं विमान, भाडं तासावर. माझी वर्षाची शिल्लक त्यात गेली, हे आधीच सांगून टाकते. हवाई छायाचित्रणाला परवानगी लागते आणि ती सावकाश येते, तेव्हा रेल्वेचं तिकीट तिच्यानंतरच काढा.

पुण्याहून सकाळच्या गाडीनं निघाले. कुर्डुवाडीला चहा घेतला, दुपारी सोलापुरात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. स्टेशनजवळ स्वच्छ, परवडणारी लॉज मिळतात. विमानतळ होटगी रस्त्यावर आहे, रिक्षा सहज मिळते.

पहिलं उड्डाण संध्याकाळचं, सरावासाठी. शिकवणाऱ्या वैमानिकांना उजवीकडे बसायची सवय असते, त्यामुळे मला डावीकडची, उघडणाऱ्या खिडकीची जागा मिळाली. खाली सिद्धेश्वराचं तळं तांब्याच्या परातीसारखं दिसत होतं. किल्ल्याचे बुरूज काळे होत चालले होते आणि गल्ल्यांमधून दिवे लागत होते. मी अधाशासारखे फोटो काढले. उतरल्यावर पडद्यावर पाहिलं तर एकही धड नव्हता. दिव्यांच्या रेघा झाल्या होत्या, बुरूज फासल्यासारखे दिसत होते. इतकी वर्षं स्थिर भांड्यांचे फोटो काढणाऱ्या बाईनं हलत्या विमानातून काय करायचं, असं वाटून मी तिथेच खुर्चीत बसून राहिले.

कॅप्टननी फोटो नीट पाहिले. मी कोपर खिडकीच्या चौकटीला टेकवलं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. इंजिनाची सगळी थरथर तिथून कॅमेऱ्यात येते, म्हणून हात अंगाशी धरायचा आणि विमानाला कुठेच टेकायचं नाही. फोटो स्वच्छ यावा म्हणून मी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, कमी ठेवला होता, त्यामुळे शटर फार वेळ उघडं राहत होतं. ती चूक माझी मलाच कळली. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

"परवा तुम्ही फक्त 'आता' म्हणा," कॅप्टन म्हणाल्या. "मी इंजिन मंद करते. तेवढ्या वेळात काढायचं."

दुसऱ्या दिवशी विजापूर रस्त्यानं मंद्रूपला गेले. तिथून पुढे, भीमेकडच्या एका कापणी झालेल्या शेतात आमचा कळप बसला होता. लेंडीखतासाठी शेतकरी मेंढरं बसवून घेतात. दादा शेतमालकाशी कन्नडमध्ये गप्पा मारत होता. वहिनीनं भाकरी आणि हुलग्याचं माडगं वाढलं. आबा घोंगडीवर बसून माझं बोलणं ऐकत होते. एवढ्या वरून अंधारात त्यांना कसं शोधणार, हे त्यांना पटत नव्हतं.

"मेंढरं न्हाय दिसायची तुला," ते म्हणाले. "जाळ दिसंल. बाभळीची लाकडं घालतो, मोटा जाळ करतो."

एवढंच. मग उठून ते लाकडं बघायला गेले.

तिसऱ्या दिवशी पूर्वेला जेमतेम फटफटलं आणि आम्ही उडालो. स्वेटर, त्यावर जाकीट, कानटोपी, तरी खिडकी उघडताच वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आणलं. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळला होता. मंद्रूप मागे पडलं. भीमेच्या काठानं धुकं पसरलं होतं. शेतं, बांध, वस्त्या, सगळं त्याखाली. एक घिरटी घातली, दुसरी घातली. पूर्व तांबूस व्हायला लागली. सूर्य वर आला की तो निळा उजेड संपला, आणि पुढच्या हिवाळ्यात हा कळप आमचा नसणार. कॅप्टननी माझ्याकडे पाहिलं आणि न विचारता तिसऱ्यांदा विमान वळवलं.

धुक्याच्या कडेला नारिंगी ठिपका दिसला. आधी एखाद्या वस्तीवरचा बल्ब वाटला, पण तो हलत होता, वाढत होता. जाळच तो. आणि त्याच्याशेजारी, धुकं विरळ झालं तिथे, गोल जाळीत बसलेली आमची मेंढरं, निळ्या रानात दुधाचा थेंब सांडावा तशी.

"आता," मी म्हणाले.

इंजिनाचा आवाज खाली आला. कोपरं बरगड्यांशी आवळली, श्वास धरला आणि शटर दाबत गेले. जाळाशेजारी एक माणूस उभा होता. त्यानं मान वर केली, मग डोक्यावरचा पटका सोडून दोन्ही हातांनी वर धरला. आबांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. सूर्याची कड दिसली तेव्हा कॅप्टननी नाक सोलापूरकडे वळवलं. मी हसत होते आणि माझे दात वाजत होते.

धावपट्टीवर उतरल्यावर, चाकं थांबायच्या आत, फोटो पाहिला. सुईसारखा धारदार. दाणे होते, ज्वारीच्या पिठासारखे बारीक, आणि ते त्या उजेडाला शोभत होते. कॅप्टननी पाहिला आणि माझी पाठ थोपटली.

आता पुण्यात परतलेय. स्टुडिओच्या भिंतीवर तो फोटो दारापासून खिडकीपर्यंत लावलाय. भांड्यांची गिऱ्हाईकं आधी त्याच्यासमोर थांबतात आणि कुणी काढला म्हणून विचारतात. "मी," असं सांगताना आवाज आपोआप मोठा होतो. पैसे गेले, बोटं गारठली, पहिली संध्याकाळ वाया गेली. तरी उद्या पुन्हा जायचं झालं तर जाईन.

फोटो काढला त्याच दिवशी तो दादाच्या मोबाईलवर पाठवला होता. थोड्या वेळानं आबांचा फोन आला.

"संगे," ते म्हणाले, "आपलीच मेंढरं व्हय गं ही? लई देखणी दिसत्यात की."