चुकलेल्या किनाऱ्याचा उपास

नीनाचा फोन आला तेव्हा मी ब्रिस्टलच्या बसमध्ये होते. "ताई, बाबा सकाळी गेला. चहा पिला आणि गेला," एवढंच ती म्हणाली. नीना इथेच, इंग्लंडात जन्मलेली, तिचं मराठी असंच. आणि तिच्या बाबांना, दत्ताकाकांना, त्याचं कौतुकच होतं. मी पुण्याहून व्हिसावर आले तेव्हा त्यांच्या घरातली वरची खोली घेतली होती. भाडेकरू म्हणून आले आणि तीन वर्षांनी निघताना माहेर सुटल्यासारखी रडले. काका ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झालेले. कांदा चिरला तरी फोडी एका मापाच्या. "मोजपट्टी देऊ का?" म्हणून मी चिडवायचे. सहा ऑगस्टला मात्र ते दिवसभर जेवायचे नाहीत. का, ते विचारलं की विषय बदलायचे.

एका रविवारी आम्ही वेस्टनच्या समुद्रावर गेलो. तिथं ओहोटीला पाणी लांब जातं आणि मागे वाळूसारखा दिसणारा चिखल उरतो. कुणा हौशी माणसानं त्यावर गाडी घातली आणि ती रुतून बसली. लोक हसत होते, मीही हसले. काकांनी माझा दंड घट्ट धरला. बाकावर बसल्यावर म्हणाले, "अशीच एक जागा मी काढली होती..." दुसऱ्या महायुद्धात ते फौजेच्या नकाशा विभागात होते. जपान्यांकडून मलाया परत घ्यायचा बेत ठरलेला. विमानातून घेतलेल्या फोटोंवरून सैन्य उतरायच्या किनाऱ्याचा नकाशा करायचं काम काकांकडे होतं. त्यांनी तिथं घट्ट वाळू दाखवली. सैन्य निघायच्या आधीच हिरोशिमावर बॉम्ब पडला, मग नागासाकीवर, आणि जपान शरण आला. छावणीत सगळे नाचले, काकाही नाचले. ठरलेलं उतरणं तरीही पार पडलं, फक्त लढाईविना, आणि काका तिथं होते. ट्रक एकामागून एक चिखलात रुतत गेले. समोरून एकही गोळी आली नाही, म्हणून लोक थट्टा करत होते. "गोळ्या आल्या असत्या तर..." काका म्हणाले. "माझ्या चुकीनं मेली असती ती पोरं वाचली. त्यांच्याऐवजी कोण गेलं, ते जगाला ठाऊक आहे. आणि मी नाचलो होतो गं. मला आनंद व्हायला नको होता का?"

बॉम्बशिवाय ते युद्ध संपलं असतं का, यावर मी एरवी कुणाशीही तावातावानं भांडते. त्या दिवशी मी नुसती त्या रुतलेल्या गाडीकडे बघत बसले, याचं मला अजून वाईट वाटतं. उपासाचं कोडं मात्र सुटलं. "नीनाला सांगू नकोस," एवढं म्हणून ते उठले.

काका जूनच्या शेवटी गेले. परवा, सहा ऑगस्टला, नीनाचा फोन आला. "ताई, आज बाबा जेवायचा नाही ना, म्हणून मी पण नाही जेवली. पण हा उपास कुठल्या देवाची?" सांगू नको म्हणणारा माणूस आता नव्हता आणि त्याची मुलगी कारण माहीत नसताना उपाशी होती... संध्याकाळी तिच्याकडे गेले. काका उपास दहीभातानं सोडायचे. तो कालवता कालवता सगळं सांगून टाकलं.

तिनं ताट पुढे घेतलं. मग म्हणाली, "बाबा खूष झाला, ती चूक होता?"

"ठाऊक नाही गं," मी म्हटलं, आणि तिच्या ताटात भात वाढला.