मिलुंकाच्या पेशींना शेपूट नाही

"तुला वेगळी गोळी दिली असणार!"

"अहो जाऊबाई, एकाच दुकानातली आहे. चाखून बघा हवी तर!"

"मग माझ्याच पेशींना शेपट्या का?"

माझी सासू रादोयका आणि तिची धाकटी जाऊ मिलुंका, दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर. टेबलावर दोघींच्या पेशींचे दोन फोटो. दोघींना मधुमेह, दोघी मेटफॉर्मिन घेतात. या गोळीने पेशींमधला डीएनए तुटायचा कमी होतो का, हे तपासायला मेडिकल कॉलेजवाल्यांनी आमच्या चाचाक गावातल्या बऱ्याच बायकांचं रक्त नेलं होतं. साखर वाढली की आतून गंज चढल्यासारखं होतं, डीएनए तुटतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो तुटका भाग धूमकेतूच्या शेपटीसारखा मागे लोंबतो. मिलुंकाचे ठिपके गोल गरगरीत. सासूबाईंचा एकेक ठिपका शेपटीवाला.

"गोळ्यांच्या आधी हिच्या शेपट्या माझ्याहून लांब होत्या," सासूबाई मला म्हणाल्या. जणू मीच कापल्या होत्या.

जन्मभर शर्टांच्या कारखान्यात बटणं लावलेली ही बाई. मिलुंका लग्न होऊन आली तेव्हा तिची वेणी कमरेखाली रुळायची. त्याच आठवड्यात सासूबाईंनी स्वतःचे केस मानेपर्यंत कापले. मिलुंकाचे टोमॅटो आधी लाल झाले, की आमच्या घरी कोशिंबीर बंद.

मिलुंकाकडे नव्हतं ते फक्त सणाचं तबक. घराण्याच्या रक्षक संताच्या सणाला, म्हणजे आजच्यासारख्या दिवशी, पाहुण्यापुढे मुरांबा आणि पाणी थोरल्या सुनेनंच धरायचं. पाहुणा लाजला, की सासूबाई आधी स्वतः एक चमचा तोंडात टाकणार. शेजाऱ्यांच्या सणांनाही मानानं त्याच जाणार, आणि पुढे आलेला चमचा परत कसा करायचा?

"कॉलेजातली डॉक्टरीण काय म्हणाली, ऐकलंत ना?" मिलुंका म्हणाली. "गोळी तिचं काम करते. पण तुम्ही वरून पाक ओतत राहिलात, तर तिनं कुठवर पुरं पडायचं? आज तबक मला द्या."

"हां! वेणी तुझी, टोमॅटो तुझे, पेशी तुझ्या. आता मानही घे!"

"मान ठेवा तुमच्याकडेच! आपल्या सासूबाई शेवटी भिंत चाचपत चालायच्या, विसरलात? या साखरेनंच डोळे गेले त्यांचे. मला तुमचा हात धरून फिरायची हौस नाही."

 सासूबाईंनी फोटोतल्या एका शेपटीवर अंगठा दाबला, डाग पुसावा तसा.

फाटक वाजलं. पाहुणे आले.

सासूबाईंनी एप्रन सरळ केला, तबक ओढलं. चमच्यांच्या पेल्यातून वाकड्या दांड्याचा एक चमचा उपसला. तो त्यांचा, मुरांबा चाखायचा; त्याला दुसरं कुणी हात लावत नाही. तो त्यांनी मिलुंकाच्या एप्रनच्या खिशात टाकला.

"तुमचा चमचा मला? म्हणजे शेजाऱ्यांकडे गोड खायलाही आता मी जायचं?" मिलुंकाचा आवाज एकदम बारीक झाला. "जाऊबाई? अहो, सांगा ना!"

सासूबाईंनी तबक उचललं आणि पायानं दार ढकलून बाहेर गेल्या.