करडईच्या कुंड्या आणि तांदळाचे धुवण

तापलेल्या मातीवर तांदळाचे धुवण पडले की उठणारा वास किंचित आंबूस, किंचित दुधाळ असतो. तो नाकात शिरला तेव्हा मी काय करून बसले ते ध्यानात आले. पातेले तोवर रिकामे झाले होते.

गच्चीवर मुलीच्या करडईच्या आठ कुंड्या होत्या. ती वनस्पतिशास्त्रात संशोधन करते. पाणी तुटले की काही झाडांत एक जनुक जागे होते, पानांची सूक्ष्म छिद्रे मिटवून आतली ओल राखते. पाणी मिळताच ते पुन्हा निजते. ते जागे असतानाच तिला पकडायचे होते. हे सारे तिने शेंगाचटणी-भाकरी खाता खाता मला समजावले होते. म्हणून लाल दोरा बांधलेल्या चार कुंड्यांना बारा दिवस थेंबही मिळाला नव्हता. सोलापूरचे ऊन माघातच चटके देऊ लागले होते. काटेरी पाने माना टाकत होती, केशरी फुले मात्र ताठ. येता-जाता मी त्यांची नजर चुकवत असे.

आमच्याकडे धुवण मोरीत ओतत नाहीत. आईने कधी ओतले नाही, सासूबाईंनीही नाही. ते झाडाला जाते. त्या सकाळी मन भलतीकडे होते आणि हातांनी नेहमीचे काम उरकले. लाल दोऱ्याच्या दोन कुंड्या भिजल्या.

मुलगी पहाटेच प्रयोगशाळेत गेली होती. माती सुकेल, सांगायचे कशाला, असेही मनात येऊन गेले. दुपारी पाहिले, तर त्या दोन झाडांची पाने उभारी धरून होती. आता लपवण्यासारखे काही उरले नाही.

ती चपला काढत होती तेव्हाच मी सगळे सांगून टाकले. ती हसू लागली. पहाटे मी आंघोळीला गेले असताना तिने आठही झाडांची दोन-दोन पाने खुडून बर्फाच्या डब्यातून नेली होती. कुंड्यांचे काम संपले होते, मला सांगायचे तेवढे घाईत राहून गेले होते.

"आई, झाडांच्या आधी तुझ्या हातांनाच तहान लागते," ती म्हणाली.

जिन्याच्या पायरीवर मी बसकण मारली. दगडात दुपारची ऊब होती.

संध्याकाळच्या भाताचे धुवण घेऊन लाल दोऱ्याच्या उरलेल्या दोन कुंड्यांपुढे उभी राहिले. सकाळी न विचारता ओतणारा हात आता कलेना. मी मुलीकडे पाहिले.

"घाल."