कोळपेसरांची रिकामी नोंद

सकाळी चहा हातात असतानाच फोन वाजायचा. पलीकडून ना नमस्कार, ना चौकशी. "मी कपाट उघडतोय. कुणी हात लावू नका." एवढं बोलून फोन बंद. मग कधी तासाभराने, कधी थेट दिवेलागणीला दुसरा फोन यायचा. "झालं. लावा आता हात." कोळपेसरांनी आम्हा सगळ्यांना कितीतरी वर्षं या दोन वाक्यांवर चालवलं.

'कपाट' हे ग्रंथालयांसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर होतं. पुस्तकांची यादी, वाचकांची खाती, कोणतं पुस्तक कुणाकडे गेलं आणि परत आलं की नाही, हे सगळं ते सांभाळायचं. ते फुकट होतं आणि त्याचा कोड कुणालाही पाहायला, बदलायला मोकळा होता. शहराच्या छावणी भागातल्या एका लहानशा वाचनालयात ग्रंथपालाची नोकरी करता करता सरांनी ते लिहायला घेतलं. करमाडपासून पैठणपर्यंत कितीतरी गावांतली वाचनालयं त्यावर चालत. पण मूळ कोड राहायचा एकाच जुन्या संगणकावर, शहरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या तळमजल्यावरच्या खोलीत. आमची काम करण्याची रीत अशी होती, की दोघांनी एकाच वेळी एकच फाइल बदलली तर नंतर आलेली फाइल आधीच्या फाइलवर बसायची आणि आधीचं काम पुसलं जायचं. म्हणून तो फोन.

आईवडील चळवळीतले, म्हणून माझं बालपण पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं. अक्षरओळख झाली तीही पत्रकांवरच्या जाड मथळ्यांवरून. त्यामुळे खुल्या सॉफ्टवेअरची गोष्ट कानावर आली तेव्हा मला ती थेट चळवळच वाटली. मी आवेशात एक पत्रक लिहिलं, 'ज्ञानावरची कुलपं तोडा!' गठ्ठाभर प्रती काढल्या आणि सरांच्या वाचनालयात जाऊन थडकले. सरांनी पत्रक शांतपणे शेवटपर्यंत वाचलं. उलटून मागची कोरी बाजू पाहिली. मग त्याची घडी केली, घडीची आणखी घडी केली, खाली वाकले आणि ती डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल हलवून पाहिलं.

"बसलं बघा," म्हणाले. "आता कामाचं बोला. टायपिंग येतं का?"

मी रागाने तरातरा निघून आले आणि पुढच्या आठवड्यात परत गेले. तेव्हापासून मी त्यांची 'पत्रकवाली'.

सर करमाडकडच्या एका मेंढपाळ घरातले. धाकटा भाऊ अजून मेंढरं राखायचा. सर उंच, खांद्यात जरा वाकलेले, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी पेन ड्राइव्ह. "लई थकलो गं," हे ते तक्रार म्हणून नाही, आज ऊन आहे असं सांगावं तसं म्हणायचे. थकायला कारणही होतं. कपाटच्या मदतीच्या पानावर त्यांचाच नंबर होता. 'अडचण आल्यास फोन करा.' आणि लोक करायचे. सर जेवत असोत, लग्नाच्या मांडवात असोत की दवाखान्याच्या रांगेत. सरांचा पहिला प्रश्न ठरलेला. "बंद करून चालू करून बघितलं का?" समोरचा ओशाळून हसायचा आणि बऱ्याच अडचणी तिथेच मिटायच्या.

ही गोष्ट दुष्काळाच्या वर्षांमधली. पाट्यांवर तेव्हा शहराचं जुनं नाव होतं. सलग दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला होता, आणि शहर मात्र चहूबाजूंनी वाढत सुटलं होतं. शेतांमध्ये प्लॉट पडत होते, प्लॉटांवर घरं उठत होती, घरांना नळ होते आणि नळांना पाणी नव्हतं. अशात त्या शिक्षणसंस्थेने निरोप धाडला की तळमजला पाडून नवी इमारत उभी करायची आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमचा संगणक उचला.

आम्हा तरुण मंडळींना आनंदच झाला. कपाट गिटवर न्या, असं आम्ही कधीपासून म्हणत होतो. गिट म्हणजे कोड सांभाळण्याची नवी पद्धत. तिच्यात एकच साठा आणि एकच किल्ली असा प्रकार नसतो. प्रत्येकाकडे पूर्ण प्रत असते, पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या बदलांसकट. ज्याने त्याने आपापल्या जागी काम करायचं आणि मग जोडायचं. फोनची गरज नाही. मला तर माझं पत्रकच खरं झाल्यासारखं वाटलं. सरांना हे समजावताना माझा आवाज चढला होता आणि हात वर गेला होता.

"हात खाली घे," सर म्हणाले. "कळलं. पाण्यावर दोन कळप आले की मिसळतात. मिसळू दे. अंगावर खूण असली की परत वेगळे करता येतात. आपल्या कामावर खूण कुठंय?"

खूण नव्हती. लोक पेन ड्राइव्हवर आपलं काम आणून द्यायचे आणि सर ते आत ठेवायचे, त्यामुळे जुन्या साठ्यात प्रत्येक बदलापुढे एकच नाव होतं, कोळपे. गिटमध्ये लिहिणाऱ्याचं नाव वेगळं आणि आत ठेवणाऱ्याचं वेगळं नोंदवता येतं, हे मी सांगितल्यावर सरांनी एक कोरा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "आधी नावं लावू. मग वाटू."

"नावं नंतर लावू ना सर. खोली पाडायला आलेत ते."

"नंतर नाय होत. एकदा दिलं की दिलं. मग आत हात घालता येत नाय."

खरं होतं ते. गिटमध्ये जुनी एक नोंद बदलली की तिच्या पुढच्या सगळ्या नोंदी बदलतात आणि आधी वाटलेल्या प्रती तिच्याशी जुळेनाशा होतात. मला हे ठाऊक होतं. पण मला घाई होती.

साठ्याची प्रत आणून काम सरांच्या घरी सुरू झालं. शहराच्या कडेला नवी वसाहत, दोन खोल्या, वर तापलेला पत्रा. जुन्या साठ्याचं गिटमध्ये रूपांतर व्हायला वेळ लागायचा, मध्येच वीज जायची आणि सगळं पहिल्यापासून. त्यात टँकरचा हॉर्न वाजला की सर, मी आणि सरांच्या पत्नी सुमनकाकू पाइप घेऊन पळायचो. एकदा ड्रम भरून आत आलो तर संगणक बंद पडलेला. काकूंनी पदराने तोंड पुसत पडद्याकडे पाहिलं.

"आमचा ड्रम भरला," त्या म्हणाल्या. "तुमचं ते गिट अजून रिकामंच का?"

सर हसले नाहीत. पुन्हा खुर्चीत बसले. एक जुना बदल उघडायचा, निरखायचा, हा कुणाचा ते आठवायचं, फोन करून विचारायचं, नाव घालायचं, पुढचा उघडायचा. असे दिवसच्या दिवस गेले. शेवटी माझा संयम सुटला.

"सर, तुम्हाला सोडवत नाहीये. किल्ली हातातून जातेय म्हणून तुम्ही वेळ काढताय."

काकू चहा गाळता गाळता थांबल्या. सरांनी चष्मा काढला, डोळे चोळले.

"सोडायचंच हाय गं बाई. त्यासाठीच तर चाललंय. मी सोडीन, पण कपाटानं बी मला सोडलं पायजे ना? सगळीकडं कोळपेच असला तर लोक कोळपेलाच विचारणार. मेल्यावर बी विचारतील. ज्याचं त्याचं नाव असलं, तर ज्याला त्याला विचारतील. मग कपाट बी जगंल आन् मी बी झोपंन."

मी फोन ओढला आणि यादीतला पुढचा नंबर लावला.

बहुतेक नावं फोनवर सापडली. एक राहिलं. त्यासाठी आम्ही एसटीने पैठणला गेलो. वाटेत सरांनी सांगितलं. पैठणच्या वाचनालयात नसरीन आपा नावाच्या ग्रंथपाल होत्या. कपाटमधली उर्दू पुस्तकांची बाजू त्यांनीच लिहिली होती. एकदा सरांनी घाईघाईत, साठ्यात नोंद व्हायच्या आधीच, आपली फाइल त्यांच्या फाइलवर ठेवली आणि त्यांचं महिन्याभराचं काम पुसलं गेलं. दुसरी प्रत नव्हती. आपा भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त पेन ड्राइव्ह आणणं बंद केलं. सकाळच्या फोनची रीत पडली ती त्या दिवसानंतर.

खिडकीतून धरणाचं पात्र दिसत होतं. पाणी पार आत सरकलं होतं आणि भेगाळलेल्या गाळात मेंढरं फिरत होती. सर तिकडे बघत होते. त्यांचा भाऊही कळप घेऊन तिथेच कुठेतरी होता.

आपा पुस्तकांवरची धूळ झटकत होत्या. सरांना पाहून फडकं बाजूला ठेवलं.

"आइए सर. अब कौनसी फाइल उडाई?"

"उडवली नाय आपा. तुमच्या शोधायला आलोय."

सरांनी लॅपटॉप उघडला. आपांचं काम ओळखायला अवघड गेलं नाही. चाचणीसाठी खोटी पुस्तकं घालायची असत, तेव्हा सर 'पुस्तक एक, पुस्तक दोन' असं लिहायचे. आपांच्या घरी पैठणीचा माग होता. त्यांच्या खोट्या पुस्तकांची नावं असायची 'मुनिया', 'आसावली', 'नारळी', काठपदरावरच्या नक्षीची. जिथे मुनिया दिसली तिथे आपांचं नाव लागलं. एक तुकडा मात्र इतका गबाळा होता की दोघंही तो आपला मानायला तयार होईनात.

"हे तुमचं," सर म्हणाले.

"तोबा! इतकं घाण मी लिहीत नाही. तुमचंच आहे."

तो सरांच्या नावावर गेला. मग एका जागी आपांनीच बोट ठेवलं. तारखा चुकवणारी एक जुनी चूक होती.

"ही माझी आहे. ही कुणाच्या नावावर टाकणार?"

"राहू द्या माझ्या नावावर."

"वा सर! चांगलं तेवढं माझं? लोक म्हणतील, सरांनी आपाला खैरात वाटली. माझ्या चुका माझ्या नावावर टाका. नाहीतर काहीच टाकू नका."

सरांनी मुकाट्याने चूक त्यांच्या नावावर केली. निघताना आपा म्हणाल्या, "आणि जे उडालं, ते कुठं टाकणार?"

सर उंबऱ्यापाशी थांबले.

घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं, "गिटमध्ये रिकामी नोंद करता येते का? आत काही बदल नाही. नुसती तारीख आन् दोन ओळी?"

येते, मी म्हणाले. पण इतक्या मागे नोंद घुसवायची तर तिथून पुढचं सगळं पुन्हा रचावं लागणार होतं, आणि खोली पाडणारे लोक येऊन मापं घेऊन गेले होते. "रचू," सर म्हणाले. आम्ही पुन्हा रचलं. दोनदा वीज गेली, एकदा टँकर आला. शेवटी त्या जुन्या जागेवर एक नोंद उभी राहिली. तिच्या आत कोडची एकही ओळ नाही. लिहिणाऱ्याचं नाव नसरीन आपा, ठेवणाऱ्याचं कोळपे. खाली सरांचे शब्द: 'इथे आपांचं महिन्याभराचं काम होतं. ते मी पुसलं. पुढच्यांनी इथे थांबून मग पुढे जावं.'

मी आजवर पुष्कळ पत्रकं लिहिली. न्यायाबद्दल इतकं थोडक्यात मला कधी लिहिता आलं नाही.

खोली पडायच्या आदल्या आठवड्यात आम्ही प्रती वाटल्या. दुसऱ्याच दिवशी पैठणहून फोन आला. सरांनी मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"सर, वो खाली वाली एंट्री देखी."

"बरोबर हाय का?"

"महिना लिहिलंय तुम्ही. सव्वा महिना होता."

"आता बदलता येत नाय आपा. एकदा दिलं की दिलं."

पलीकडे आपा हसल्या, बऱ्याच वर्षांचं साठलेलं हसू असावं तशा. त्याच आठवड्यात त्यांनी नवा बदल पाठवला, मुनियासकट. कुणाला फोन करावा लागला नाही.

सरांनी स्वतः त्यानंतर एकच बदल केला. मदतीच्या पानावरून आपला फोन नंबर काढला आणि तिथे बाकीच्यांची नावं घातली. नोंदीत लिहिलं, 'आता तुम्ही.' मग त्यांनी खरंच लक्ष काढून घेतलं. मी कधी काही विचारायला गेले तर म्हणायचे, "ज्याचं नाव हाय त्याला विचार, पत्रकवाले." दुपारी झोपायला लागले होते.

पण ते थकणं नुसतं कामाचं नव्हतं. पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सर गेले. दवाखान्यात फार दिवस काढले नाहीत.

काही आठवड्यांनी मी काकूंकडे बसले होते. लोखंडी कपाटावर सरांचा जुना फोन होता, तो वाजला. काकूंनी सहज उचलला.

"बोला... नाय, ते नाहीत... व्हय, वारले. चैत्रात... असू द्या, तुम्हाला कसं ठाऊक असणार? अडचण काय हाय?" त्या ऐकत राहिल्या. मग अगदी सरांच्याच थकल्या सुरात म्हणाल्या, "बंद करून चालू करून बघितलं का? बघा करून. नाय झालं तर पैठणच्या आपांचा नंबर देते."

कुठल्यातरी आडगावच्या वाचनालयात अजून जुनं कपाट चालू होतं, जुन्या मदतीच्या पानासकट. मी म्हणाले, "काकू, मी जाते एकेका गावाला. नवी प्रत टाकते. सरांचा नंबर निघून जाईल. तुम्हाला त्रास नको."

"कुठं कुठं फिरशील उन्हाची? राहू दे." काकूंनी फोन पदराने पुसला. "अधूनमधून कुणीतरी विचारतंय त्यांना."

त्यांनी फोन चार्जिंगला लावला आणि आवाज वाढवून ठेवला.