रंगूबाईच्या कोरड्या शेण्या

रंगूबाईला माणूस कधी मरणार ते आधीच कळतं, असं आमचं गाव छातीठोक सांगायचं. पुरावा रोकडा होता. आकाराम तापानं फणफणला, तेव्हा तिनं आपल्या खोपीतला शेण्यांचा, म्हणजे गोवऱ्यांचा, एक ढीग काढून अंगणात वेगळा रचला. बायकांनी तोंडाला पदर लावले. "झालं! आकारामाचं सरण निघालं!"

आकाराम काही मेला नाही. ताप उतरल्यावर घोंगडं पांघरून, काठी टेकत थेट तिच्या दारात उभा.

"रंगे, माझा ढीग का काढलास गं?"

"तुझा कशाला? खोपीला गळती लागलीया. भिजाय लागल्या म्हणून उनात काढल्या. आन आलायसच तर चार पाट्या आत टाक."

आणि आकारामानं स्वतःचं म्हणून गाजलेलं सरण स्वतःच्या डोक्यावरनं आत नेऊन टाकलं! तरी गावानं आपलं बोलणं सोडलं नाही. खोटं होतं, पण सांगायला झकास होतं.

खरं होतं ते सांगायला कुणाला आवडत नसे. आमचं गाव कृष्णेकाठी, सातारा जिल्हा संपतो आणि सांगली लागते तिथं. इथं माणूस शेण्यांवर जळतो. कुणी गेलं की घरटी पाटीभर शेण्या यायच्या. पण रंगूबाईचा नवरा नाथाजी गेला तो आषाढात. घरोघरच्या शेण्या भिजून लोळागोळा झालेल्या. रॉकेल ओतलं, भडका झाला आणि विझला. माणसं खाली मान घालून घरी गेली. रंगूबाई तिथंच बसली, हातात काठी घेऊन, कुत्री हाकत. दुसऱ्या दिवशी ऊन पडेपर्यंत.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती पाटी घेऊन दारोदार फिरायची. "घाला शेण्या! मला काय खायच्यात व्हय? तुमच्याच हायत, तुमच्याखालीच घालनार हाय!" सणासुदीलासुद्धा हेच. खोपीत दगडी ओट्यावर शेण्या रचलेल्या असायच्या. पाटील मरो की पोतराज, पावसाळ्यातसुद्धा कोरडं सरण मिळायचं, फुकट.

दुष्काळाचं साल सरलं आणि पुढच्याच पावसाळ्यात पटकी आली, म्हणजे कॉलरा. ही साथ समुद्रापलीकडनं देशोदेशी फिरत आलीय, असं सांगलीच्या रेडिओवर सांगायचे. म्हातारी माणसं म्हणाली, "एवढ्या लांबनं आलीया, म्हंजे पावनी राहूनच जानार."

पहिली गेली गुंडाची बनुबाई. गावातल्या बाईमाणसाच्या मयताला अंघोळ घालायचं काम रंगूबाईचंच. तिनं घाटावर बनुबाईला स्वच्छ न्हाऊ घातलं, अंगावरची कापडं धारेत खळबळून काढली. खालच्या अंगाला बायका घागरी भरत होत्या. मग शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारच्यांनीच जेवू घालायचं. सगळे दाटीवाटीनं जेवले. बनुबाईचा लहाना लेक काही केल्या तोंड उघडेना, त्याला रंगूबाईनं मांडीवर घेऊन घास भरवला.

आठवडा संपायच्या आत त्या गल्लीत आणखी तिघं गेले. त्यात तो लेक.

आरोग्य केंद्राच्या नर्सबाई सुया टोचायला आल्या. त्यांचं बोलणं पुणेरी, एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. "मृतदेहाला अंघोळ घालायची नाही. कपडे जाळून टाकायचे. मयताच्या घरी जेवण नाही. सगळीकडे चुना टाकायचा. कळलं का?"

पारावर हशा पिकला. "म्हंजे मडं पारोसं न्यायचं? तिकडं वर गेल्यावर त्याला कोन दारात घील का?"

रंगूबाई हसली नाही. तिनं नर्सबाईंना बाजूला घेतलं. "बाई, मी धुतली ती. आन त्याच हातानं पोराला घास घातला."

नर्सबाईंची पुणेरी एकदम आटली. "यापुढं नको हं," एवढंच त्या म्हणाल्या.

त्या दिवशी रंगूबाई उंबऱ्यावर बसून होती. हात पुढं धरलेले, जणू ते दुसऱ्याचे आहेत आणि कुणीतरी परत न्यायला यायचंय.

दुसऱ्या दिवशी गाव हबकलं. खोपीला कुलूप!

"ज्याला पारोसं न्यायचं त्यानं शेण्या मागाव्या," ती म्हणाली. "अंघोळ घालनाऱ्याला एक बी मिळायची न्हाई. आन जेवनावळ घालनाऱ्याला बी न्हाई."

नेमका त्याच दिवशी लालासाहेबांचा चुलता पटकीनं गेला. लालासाहेब म्हणजे गावातलं वजनदार माणूस. आधी घसा खाकरणार, मग मिशीवर हात, मग शब्द.

"ख्यॅ... रंगूबाई. कुलूप काढायचं."

"अंघोळ?"

"ख्यॅ... ती व्हनारच. आमचं घरानं हाय."

"मग घरान्यावरच जाळा."

उभं गाव थिजलं. लालासाहेबांना असं कुणी जन्मात बोललं नव्हतं. सांगलीहून लाकडाचा ट्रक मागवावा तर पूल पाण्याखाली. घरातल्या शेण्या चिंब. त्यांनी एकदा कुलपाकडं बघितलं. मग खाकरायचंही विसरून म्हणाले, "ठीक हाय. काका पारोसाच जाईल. पर ध्यानात ठेव. तुझ्या घरात जर का तू मोडलंस, तर मडी धुवाय सारं गाव मी घाटावर नीन. मग कोन कुनाचं ऐकतंय बघू."

सगळ्यांच्या नजरा तिच्या सासूकडं, साळूबाईकडं वळल्या. कारण साळूबाईचा साबण गावाला ठाऊक होता. फौजेतल्या नातवानं मिलिटरी कँटीनमधला गुलाबी साबण आणला होता. म्हातारीनं तो कागदासकट ट्रंकेत जपला होता. "मेल्यावर मला ह्यानं न्हाऊ घालायची," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला साबण हुंगायला देऊन सांगायची. तिनं सुनेला बजावलं, "सारं गाव गेलं तर जाऊ दे पारोसं, मी जायची न्हाई!"

मी पारावर पोरांपुढं रंगूबाईचा घोगरा आवाज काढत होतो, "न्या पारोसं, न्या!" पोरं एकाएकी गप्प झाली. मागं ती उभी.

"माझा आवाज बरा काढतोस. आता तुझ्या आवाजात बोल."

"काकी, साळूआजी गेल्यावर तुमी अंघोळ घालनारच. पैज."

"हरलास तर माझ्या भितीवर शेण्या थापायच्या. दिसाउजेडी, सगळ्यांम्होरं."

बाप्यानं शेण्या थापायच्या! पोरं खिदळली. मी जिंकणारच होतो, म्हणून मीही खिदळलो.

आणि साळूबाईला पटकी झाली.

नर्सबाईंनी बाटली लावली, पण सुईला शीर सापडेना, इतकी म्हातारी वाळली होती. दुपारी तिचा आवाज खोल गेला. "रंगे... साबन."

रंगूबाईनं ट्रंकेतला साबण काढला. चुलीवर पाण्याचा हंडा ठेवला. नदीपासून लांब, परड्यात खड्डा खणला, त्यात चुना ओतला. सासूला उचलून पाटावर बसवलं, पाठ आपल्या छातीला टेकवली आणि साबणाचा कागद फाडला.

कुंपणावरनं बघणाऱ्या बायका किंचाळल्या. "अगं बया! जित्या मानसाला मयताची अंघोळ!"

म्हातारी कुरकुरली, "रंगे, पानी लय कडक हाय. मड्याला बी चटका बसंल."

"मड्याला बसत न्हाई, आत्ती. म्हनून तर आत्ताच घालतीया."

साळूबाईनं फेसाळलेला हात कसाबसा नाकाशी नेला. "वास झ्याक हाय," ती म्हणाली. "नाथाजीला दावला असता." रंगूबाईचा तांब्या हातातच राहिला. मग तिनं तो हळू ओतला. सगळं पाणी खड्ड्यात गेलं.

पहाटे म्हातारी गेली. उजाडताच भावकीच्या बायका घागरी घेऊन आल्या. मागं लालासाहेब. त्यांच्या मागं सगळं गाव, आणि पैज जिंकायला मी.

"हो बाजूला. घाटावर न्यायची तिला," बायका म्हणाल्या.

रंगूबाई उंबऱ्यात आडवी उभी. "तिची अंघोळ झालीया. मड्याला मी पानी लावू देनार न्हाई. माझ्या बी घरात न्हाई."

बायकांनी लालासाहेबांकडं बघितलं. त्यांनी मिशीवर हात नेला, पण तो तिथंच राहिला. "घागरी घरी न्या," ते म्हणाले. मग स्वतः खोपीत शिरून डोक्यावर शेण्यांची पाटी घेऊन बाहेर आले! ते बघून गावातली माणसंही एकेक पाटी घेऊन मागनं घाटावर निघाली.

भुरभुर पावसातही जाळ सरळ वर गेला. रंगूबाईनं म्हातारीची कापडं आत टाकली, वर उरलेला साबणही. क्षणभर सगळ्या घाटावर गुलाबी वास पसरला. त्या दिवशी तिच्या घरी कुणी जेवलं नाही, आणि त्यानंतर गावात कुणी मयत न्हाऊ घातलं नाही.

पाऊस उघडल्यावर तिनं मला हाक मारली. मी म्हटलं, "काकी, अंघोळ घातलीच की तुमी!"

"जित्या मानसाला घातली. पैज कशाची व्हती?"

मी शेणाच्या पाटीत हात घातले. उभी गल्ली बघायला जमली होती. आकाराम तर घोंगडं अंथरून बसला होता. रंगूबाईनं माझ्या पहिल्या शेणीकडं मान वाकडी करून बघितलं. "ह्याच्यावर उंदीर बी जळायचा न्हाई. पातळ थाप."

भिंत भरली तेव्हा मी कोपरापर्यंत माखलो होतो. म्हटलं, "काकी, साबन?"

"साबन म्हातारीसंगं गेला," ती म्हणाली आणि चुलीतली राख माझ्या ओंजळीत ओतली. "चोळ नीट. नखात बी."